धादिंगच्या डोंगरात फिरत्या वैद्यकीय पथकाबरोबर दोन आठवडे

सरकारी दवाखान्यात ३१ वर्षं स्टाफ नर्स होते. निवृत्त झाल्यावर कार्तिकात नेपाळला गेले, धादिंग जिल्ह्यातल्या खेड्यांत फिरणाऱ्या वैद्यकीय पथकाबरोबर. संस्थेचं नाव लिहीत नाही. पण पैसे भरण्याआधी मला कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, अशा गोष्टी लिहिते.

फी ₹६२,०००. त्यात राहणं, दोन वेळचा डाळभात आणि जीप. विमानाचं वेगळं. आपल्याला व्हिसा लागत नाही. काठमांडूहून मलेखू, तिथून धादिंगबेसी आणि पुढे बोलेरोनं कच्चा रस्ता. एका गावाला तर दोन तास चढून जावं लागलं. औषधांचे खोके गावातल्या बायकांनी डोकोत, म्हणजे पाठीवरच्या टोपलीत भरून, नाम्लोचा पट्टा कपाळाला लावून वर नेले. दुपारी त्याच बायका मान आणि गुडघे धरून आमच्या रांगेत उभ्या होत्या.

राहण्याजेवणाची तक्रार नाही. पथकाबद्दल मात्र आहे. इंग्लंडहून आलेले एक वयस्क डॉक्टर उत्तम होते. बाकी चार विद्यार्थी, मनानं फार चांगले, पण वैद्यकीय शिक्षण अजून सुरूही न झालेले. पहिल्याच दिवशी त्यातल्या एका मुलीच्या हातात इंजेक्शन दिलं गेलं. मी ते काढून घेतलं आणि तिला बीपीचा पट्टा नीट बांधायला शिकवलं. स्वतःच्या देशात जे करू देणार नाहीत, ते गरीब गावातही करू देऊ नये, याबाबत माझं मत पक्कं आहे. माझी नर्सिंगची नोंदणीसुद्धा संस्थेनं मागितली नाही.

तिसऱ्या दिवशी पन्नाशीची एक बाई आली. दुभाषा म्हणून काठमांडूचा कॉलेजातला मुलगा बसलेला. त्याच्याकडे न बघता ती पुटपुटली, ‘आङ खसेको छ.’ मुलगा लाजला आणि डॉक्टरांना म्हणाला, कंबर दुखते. डॉक्टर वेदनाशामक लिहायला लागले. मला नेपाळी येत नाही, पण ‘अंग बाहेर येतंय’ हे आपल्याकडच्या बायकांच्या तोंडून आयुष्यभर ऐकलंय. ‘आङ’ कानावर पडलं आणि मी उठले. चादर बांधून आडोसा केला आणि स्वास्थ्य चौकीतल्या, म्हणजे गावच्या सरकारी आरोग्य केंद्रातल्या अनमीला, तिथल्या नर्सबाईला, बोलावून घेतलं. तिसऱ्या बाळंतपणानंतर काही दिवसांतच ही बाई लाकडाचे भारे वाहायला लागली होती. तेव्हापासून गर्भाशय खाली उतरलेलं, आणि इतक्या वर्षांत तिनं कोणाला दाखवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळेची एक खोली फक्त बायकांसाठी ठेवली. दुभाषाच्या जागी गावची महिला स्वास्थ्य स्वयंसेविका बसली. त्या दिवशी नऊ जणी आल्या, सगळ्या त्याच तक्रारीच्या. चौघींना अनमीनं गर्भाशय वर धरून ठेवणारी रिंग बसवली. पण रिंग बसवून भागत नाही. ती काढून धुवावी लागते, पुन्हा तपासावं लागतं, काहींना शस्त्रक्रियेसाठी पाठवावं लागतं. आम्ही तर दोन आठवड्यांनी निघणार होतो! आणि संस्थेच्या पद्धतीप्रमाणे सगळे केसपेपर काठमांडूला जाणार होते, गावात काहीच उरणार नव्हतं. बीपीच्या गोळ्यांचंही तेच. महिनाभराच्या गोळ्या द्यायच्या, पुढे काय, त्याचा विचार नाही.

मग रोज रात्री अनमी आणि मी वहीत नावं उतरवायला लागलो. लिपी एकच, त्यामुळे मला अडलं नाही. आम्ही पुन्हा बोलावण्याच्या तारखा इंग्रजी लिहीत होतो, गावात चालतं विक्रम संवत. तिनं प्रत्येक चिठ्ठीवर मंसिर महिन्याची तिथली तारीख घातली.

स्वयंसेविकेचं ऐकलं नसतं तर आणखी एक चूक झाली असती. आमच्याकडे लहान मुलांसाठी जंताच्या गोळ्यांचे खोके होते. ती म्हणाली, कार्तिकातल्या मोहिमेत पाच वर्षांखालच्या मुलांना ‘अ’ जीवनसत्त्वाबरोबर त्या गोळ्या कधीच देऊन झाल्यात. आपल्या आशाताई २००५ नंतरच्या, नेपाळमध्ये या बाया १९८८ पासून काम करताहेत. कोणत्या घरात कोण गरोदर आहे हे तिला तोंडपाठ. तिला विचारल्याशिवाय खोका उघडायचा नाही, असा नियमच करायला हवा.

पाचपैकी तीन गुण देते, आणि तेही डॉक्टर व अनमीमुळे. जाणार असाल तर आधी विचारा: तुमच्या नोंदणीची तपासणी होते का, बाई दुभाषा आहे का, पथक गेल्यावर कागद स्थानिक चौकीकडे राहतात का. गोलमाल उत्तर आलं तर पैसे भरू नका.

वही मी अनमीकडेच ठेवून आले. मंसिरात तिचा व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला: नवांपैकी सहा जणी तपासणीला आल्या, उरलेल्या तिघींच्या घरी स्वयंसेविका जाऊन आली.