ग्रेट सर्कल मॅपर: अंतराला चोख, वेळेला अपुरं

दोन शहरांमधलं हवाई अंतर सांगणाऱ्या साइट्स ढिगाने आहेत. त्यांत ग्रेट सर्कल मॅपर दिसायला जुनाट, पण अंतरासाठी मी डोळे झाकून याचंच नाव सुचवेन. फुकट आहे आणि खातं उघडावं लागत नाही.

विमानतळांचे तीन अक्षरी कोड रोमन लिपीत टाकायचे, मध्ये आडवी रेघ द्यायची. लंडन हीथ्रो ते न्यूयॉर्क जेएफके टाकलं, की नकाशावर मार्ग उमटतो आणि खाली अंतर येतं: सुमारे 5,554 किमी. साध्या साइट्सवर हेच 5,540च्या आसपास दिसतं, कारण त्या पृथ्वीला 6,371 किमी त्रिज्येचा नितळ गोल मानतात. इथे ध्रुवांजवळचा चपटेपणाही धरलेला असतो. पंधराएक किलोमीटरने प्रवाशाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते एककाच्या घोळात. साधा मैल 1.609 किमीचा, सागरी मैल 1.852 किमीचा; एकाच्या जागी दुसरा धरला तर उत्तर सुमारे 15 टक्क्यांनी चुकतं. म्हणून आकडा उचलण्याआधी एकक किमीवर आणून घ्या.

आता वेळ. बहुतेक साइट्स अंतराला ताशी 900 किमीने भागतात आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास जोडतात. या हिशेबाने लंडन–न्यूयॉर्क पावणेसात तासांचं होतं. वेळापत्रकात मात्र जाताना आठेक तास आणि येताना सातेक तास असतात. उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, त्यामुळे जाताना ते तोंडावर येतात आणि येताना पाठीशी असतात. फेब्रुवारी 2020मध्ये सियारा वादळाच्या वाऱ्यावर एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोहोचलं होतं! शिवाय वेळापत्रकातली वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंतची रांग आणि उतरल्यावरची फेरी त्यातच येते, तेव्हा त्यासाठी साइटच्या हिशेबात आणखी वीस ते तीस मिनिटं धरा.

सगळ्यात मोठी फसगत बंद हवाई हद्दींमुळे होते. हेलसिंकी–टोकियो अंतर सुमारे 7,800 किमी, म्हणजे हिशेबाने सव्वानऊ तास. 2022पर्यंत प्रत्यक्षातही जवळपास तेवढेच लागायचे. रशियाची हद्द बंद झाल्यावर फिनिश विमानांना उत्तर ध्रुवाकडून किंवा दक्षिणेकडून वळसा घालावा लागला आणि प्रवास तेराएक तासांवर गेला. नकाशावरची रेघ मात्र आजही रशियावरूनच जाते. हा दोष साधनाचा नाही, ते फक्त भूमिती सांगतं. पण वेळेच्या आकड्याशेजारी ठळक सूचना तरी हवी होती.

खरा उपयोग थांबा निवडताना होतो. मध्ये तिसरा कोड घातला की टप्पे वेगवेगळे दिसतात. लंडन–सिडनी थेट साधारण 17,000 किमी आहे. सिंगापूरमार्गे त्यात एक-दोनशे किमीच वाढतात, दुबईमार्गे पाचशेच्या आसपास. म्हणजे दोन्हीकडे वळशाचा खर्च तासाच्या आतच आहे. निवड करायची ती पुढचं विमान किती वेळाने आहे, ते बघून.