तीन दिवे, एक कच्चं बिल आणि मीटरमागची काळी टेप

ऐन पावसाळ्यात आमच्या गाडीच्या मीटरवर एकदम तीन दिवे लागले: एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा), स्टिअरिंग आणि चेक इंजिन. गाडी २०१६ ची, पेट्रोल हॅचबॅक. सकाळी सेल्फ जड लागला, दिवे पेटले, नाशिकच्या द्वारका चौकापर्यंत पोचेस्तोवर स्टिअरिंगचा विझला, बाकीचे दोन तसेच राहिले. संध्याकाळी पुन्हा तिन्ही. गाडी नीट चालत होती, ब्रेक लागत होता. पण बाबांना दवाखान्यात न्यायचं-आणायचं असतं, म्हणून मी ती लगेच गॅरेजला नेली. गॅरेजचं नाव इथे लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे. शिवाय हा प्रकार कुठल्याही गॅरेजात, कुणाच्याही गाडीबाबत होऊ शकतो, म्हणून तो नेमका कसा होतो ते सविस्तर लिहिते आहे.

त्यांनी स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला आणि स्क्रीन माझ्यासमोर धरली. लाल अक्षरांत बिघाडाच्या कोडची रांग. "ताई, एबीएस मॉड्यूल गेलंय. त्याच्यामुळे स्टिअरिंगचा कंट्रोलरही बसलाय, आणि असंच चालवलं तर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जाईल." नवीन मॉड्यूलचे, म्हणजे एबीएस चालवणाऱ्या डब्याचे, ४६ हजार सांगितले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आपल्या ओळखीत चांगलं सेकंडहँड मिळेल, फिटिंगसकट २८ हजार." मी स्क्रीनचा फोटो काढला, मीटरवर पेटलेल्या दिव्यांचाही काढला. गाडी रात्रभर ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी तिन्ही दिवे बंद होते. बिलावर एवढंच: 'एबीएस असेंब्ली बदली, २८,०००'. पार्ट नंबर नाही, जीएसटी नंबर नाही. जुनं मॉड्यूल मागितलं तर म्हणाले, एक्सचेंजमध्ये गेलं.

त्यानंतर एकदा त्र्यंबक रोडवर, रस्ता ओला असताना, समोर गुरं आली. मी ब्रेक जोरात दाबला. एबीएस चालू असेल तर अशा वेळी पॅडल पायाखाली थरथरतं, कारण यंत्रणा चाकाचा ब्रेक क्षणाक्षणाला सोडते आणि पुन्हा धरते. इथे पॅडल दगडासारखं स्थिर राहिलं, चाकं जाम झाली आणि गाडी सरळ घसरत गेली. स्टिअरिंग वळवून काही उपयोग नव्हता. बाबा शेजारी बसले होते. कुणाला काही झालं नाही, पण बदललं म्हणून सांगितलेलं एबीएस चाललं नाही, हे मला तिथेच कळलं. मीटरवर मात्र एकही दिवा नव्हता.

सातपूरला एक ऑटो इलेक्ट्रिशियन काका आहेत. आपल्या शहरात महिंद्राचा कारखाना आहे, बॉशचा आहे (बॉशचं जुनं नाव मायको, अख्खं नाशिक आजही त्या चौकाला मायको सर्कलच म्हणतं), त्यामुळे गाडीच्या विजेचं खरं काम जाणणारी माणसं इथे भरपूर आहेत. अशा माणसांच्या शहरात कुणी एवढी उघड लबाडी करावी, याचा मला आजही राग येतो.

काकांनी स्कॅनर बाजूला ठेवला. आधी चावी फक्त ऑनला फिरवायला सांगितली, इंजिन सुरू न करता. "आता मीटर बघ. सगळे दिवे लागायला पाहिजेत." बॅटरी, ऑइल, चेक इंजिन, एअरबॅग, स्टिअरिंग, सगळे पेटले. एबीएसचा पेटला नाही. गाडी चावी ऑन होताच दिवे स्वतः तपासते. ते काही सेकंद पेटतात, मग एबीएस, एअरबॅगसारखे विझतात आणि ऑइल-बॅटरीचे इंजिन सुरू झाल्यावर जातात. जो दिवा या तपासणीतच पेटत नाही, तो बिघडलेला असतो नाहीतर कुणीतरी मुद्दाम बंद केलेला असतो. काकांनी मीटर खोललं. एबीएसच्या खुणेमागे बोटाच्या नखाएवढा काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवलेला होता. दिवा आत जळत होता, फक्त दिसत नव्हता.

मग बोनेट उघडून त्यांनी एबीएसचं मॉड्यूल दाखवलं. त्याला ब्रेकच्या बारीक लोखंडी नळ्या नटांनी जोडलेल्या असतात. अख्खी असेंब्ली बदलायची तर त्या सगळ्या नळ्या सोडाव्या लागतात, ब्रेक ऑइल सांडतं, पुन्हा भरून चारही चाकांच्या ब्रेकमध्ये शिरलेली हवा काढावी लागते. आमच्या गाडीत त्या नटांवर जुन्या चिखलाचा थर जसाच्या तसा होता, एकाही नटाच्या कडेला पान्याची चकाकी नव्हती. मॉड्यूलला कुणी हातही लावला नव्हता.

खरा बिघाड काय होता, ते मी काढलेल्या फोटोतच होतं. काकांनी स्क्रीन मोठी करून वाचली. यादीत पी०५६२ हा कोड होता: गाडीचा व्होल्टेज कमी. त्याखाली यू०१२१ आणि यू०१३१, म्हणजे एबीएस आणि स्टिअरिंगच्या मॉड्यूलशी संपर्क तुटला. सगळ्यांत शेवटी सी००३५, डाव्या पुढच्या चाकाच्या स्पीड सेन्सरचं सर्किट. एकाच वेळी तीन वेगवेगळ्या यंत्रणांचे दिवे लागले की तीन पार्ट एकत्र मेले असं जवळजवळ कधीच नसतं; त्या तिघांना मिळून लागणारी एखादी गोष्ट बिघडलेली असते, आणि ती बहुधा वीज असते. इलेक्ट्रिक स्टिअरिंगला तर भरपूर करंट लागतो, व्होल्टेज पडला की ते आधी कुरकुरतं.

मल्टिमीटर बॅटरीला लावला. इंजिन बंद असताना ११.९ व्होल्ट. चांगली, भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. मग एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं थेट इंजिनच्या धातूला लावून त्यांनी मला सेल्फ मारायला सांगितलं. ही जोडणी नीट असेल तर काटा शून्याजवळ राहायला हवा, फार तर अर्धा व्होल्ट. आमच्याकडे एक व्होल्टच्या वर गेला. अर्थची केबल बॉडीला जिथे बोल्टने बसते तिथे बुरशीसारखा पांढरा-हिरवा गंज धरला होता. बोल्ट खोलला, सँडपेपरने धातू चकचकीत केला, केबलच्या टोकाची धातूची कडी (लग) नवीन दाबली, ग्रीस लावलं. मजुरीसकट ३५० रुपये. बॅटरी म्हातारी झाली होती, ती बदलली. इंजिन सुरू करून पुन्हा मोजलं तर १४.२ व्होल्ट, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर ठणठणीत. कोड पुसले. पी आणि यू ने सुरू होणारे परत आलेच नाहीत.

सी००३५ परत आला. डावं चाक काढलं तर सेन्सरच्या वायरचा कनेक्टर चिखलाने भरलेला आणि एक पिन गंजलेली. सेन्सर बदलून १,८०० रुपये. टेप काढलेला दिवा चावी लावताच पेटला आणि विझला. मोकळ्या ओल्या मैदानात ब्रेक दाबून बघितला, पॅडल थरथरलं.

आता गॅरेजने काय केलं असेल ते लख्ख दिसतं. रात्रभर बॅटरी चार्जिंगला लावली, कोड पुसले, दोन दिवे गेले. तिसरा जाईना, तर त्यावर टेप मारली. पी०५६२ त्यांच्या डोळ्यांसमोर होता. पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण एबीएस बंद असल्याचं सांगणारा दिवा झाकून एका कुटुंबाला पावसात रस्त्यावर सोडलं, हे मी माफ करू शकत नाही.

स्कॅनरची स्क्रीन पुढे धरून कुणी घाबरवत असेल तर एक ध्यानात ठेवा: कोड म्हणजे कुठल्या सर्किटकडून तक्रार आली एवढंच. सेन्सर, वायर, कनेक्टर की मॉड्यूल, हे मोजल्याशिवाय कुणालाच कळत नाही. "कशावरून पार्ट गेला, मोजून दाखवा" असं सरळ म्हणा. जुना पार्ट हातात घ्या. गाडी देताना आणि घेताना चावी ऑन करून सगळ्या दिव्यांचा व्हिडिओ काढा. ऑनलाइन मिळणारा स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर घरी ठेवायला हरकत नाही, पण त्यातले बरेच फक्त इंजिनचे, पी ने सुरू होणारे कोड वाचतात. एबीएस-एअरबॅगसाठी चांगलं यंत्र लागतं. आणि ऑइलचा लाल दिवा लागला तर गॅरेजपर्यंतही जाऊ नका, इंजिन तिथेच बंद करा. चेक इंजिन लुकलुकत असेल तर इंजिन मिसफायर होतंय (आत पेट्रोल नीट पेटत नाही) आणि न जळलेलं पेट्रोल धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतंय, तेव्हाही गाडी ताणू नका.

फोटो घेऊन मी गॅरेजला परत गेले. मालक म्हणाला, टेप आधीपासूनच असेल. मी त्याला गाडी देण्याआधी काढलेला फोटो दाखवला, त्यात एबीएसचा दिवा पिवळा पेटलेला स्पष्ट दिसतो. मग म्हणाला, दहा हजार परत घ्या आणि विषय मिटवा. मी नाही म्हटलं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन करून तक्रार नोंदवली, लेखी नोटीस पाठवली आणि आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, वकील नसला तरी चालतो, मात्र घटनेपासून २ वर्षांच्या आत जावं लागतं. मी कच्चं बिल, यूपीआयची नोंद, दोन्ही फोटो, काकांनी लेटरहेडवर लिहून दिलेला तपासणीचा कागद आणि मीटरमागच्या टेपचा व्हिडिओ जोडला आहे. कुणाच्या घरी असंच पार्ट नंबर नसलेलं बिल पडून असेल तर आधी चावी ऑन करून दिवे मोजा, आणि एखादा कमी भरला तर बिलावरची तारीख बघून घ्या.