बातू बोलोंग की कॅसल रॉक? कोमोडोच्या प्रवाहात डाइव्ह निवडताना

पॅसिफिक महासागराचे पाणी इंडोनेशियाच्या बेटांमधील अरुंद सामुद्रधुन्यांतून हिंद महासागराकडे वाहते आणि त्यात भरती-ओहोटीचा जोर मिसळतो, म्हणून कोमोडो राष्ट्रीय उद्यानातील या दोन्ही खडकांवर प्रवाह तीव्र असतो. लाबुआन बाजो या जवळच्या बंदरातून निघणाऱ्या डायव्हरने निवड करताना प्रवाहाच्या वेगाइतकाच विचार खडक आडोसा देतो का, याचाही करावा.

बातू बोलोंग म्हणजे भोक असलेला दगड. त्याचा लहानसा माथा पाण्यावर दिसतो आणि कडे खोल उतरत जातात. प्रवाह खडकावर आदळून दुभंगतो व मागे शांत पाण्याचा पट्टा राहतो. 25 मीटरच्या आसपास सुरुवात करून नागमोडी वर येत सगळी डाइव्ह याच पट्ट्यात करायची असते. येथे प्रवाळ इतके दाट आहेत की उघडा दगड शोधावा लागतो, आणि 5 मीटरवरचा सेफ्टी स्टॉपही (पृष्ठभागावर येण्याआधीचा थांबा) नारिंगी अँथियस माशांच्या थव्यांत पार पडतो. हे वैभव टिकण्याचे श्रेय प्रवाहालाच दिले जाते, कारण सुरुंग लावून मासे मारणाऱ्यांना येथे बोट थोपवणे अवघड होते. मात्र आडोशाची कड ओलांडली, की पाणी बाजूला आणि कधी थेट खाली ओढते. समोरचे मासे एकाच दिशेला तोंड करून जोराने पोहताना दिसले, की तेथूनच मागे वळावे. बुडबुडे खाली जाऊ लागले, तर वर येण्यासाठी झगडत दम घालवण्याऐवजी कड्यापासून आडवे, मोकळ्या पाण्याकडे पोहावे.

गिली लावा लाउत बेटाच्या उत्तरेचा कॅसल रॉक वरून दिसतच नाही. त्याचा माथा साधारण 4 मीटर पाण्याखाली आहे. बोट प्रवाहाच्या वरच्या अंगाला नेतात आणि बीसीडीतील (तरंगणे नियंत्रित करणाऱ्या जाकिटातील) हवा आधीच काढून सर्वांनी एकदम खाली जायचे असते. रेंगाळणाऱ्याचा खडक हुकतो. प्रवाह अंगावर घेणाऱ्या बाजूला पोहोचल्यावर फ्युजिलिअर माशांचे थवे, त्यांच्यावर झेपावणारे मोठे ट्रेव्हली मासे आणि घिरट्या घालणारे रीफ शार्क दिसतात. प्रवाळ येथेही आहेत, पण या जागेचे खरे दर्शन माशांचे. परतताना बहुधा मोकळ्या पाण्यातच, बोटीला जागा दाखवणारा तरंगता फुगा (सिग्नल बॉय) सोडून थांबावे लागते.

केवळ मालवणच्या उथळ पाण्यात एखादी डाइव्ह केलेल्याने दोन्ही जागा तूर्त टाळाव्यात. ॲडव्हान्स्ड प्रशिक्षण आणि सुमारे 50 डाइव्ह झाल्या असतील, तर माझा कौल आधी बातू बोलोंगला, तोही अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात नव्हे, तर अष्टमीच्या भांगात, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असताना. उधाणात मासे अधिक हलतात, हे खरे. तरी कॅसल रॉकसाठी तो दिवस निवडण्यापूर्वी, कशालाही न धरता 5 मीटरवर तीन मिनिटे स्थिर राहता येते का, हे स्वतः तपासून घ्यावे.