पार्किंगचे दर वाढल्यावर: रस्त्यालगत की बहुमजली वाहनतळ?

शहराच्या मध्यभागात रस्त्यालगतच्या पार्किंगचे दर वाढले, की जो तो बहुमजली वाहनतळाकडे बघायला लागतो. मीही बघितलं. तासाचा दर कमी, डोक्यावर छप्पर, गाडी उचलून नेण्याची धास्ती नाही. चार महिने तिथेच गाडी लावली आणि आता अक्षरशः रस्त्यावर आलोय.

तुम्हाला दिवसभर गाडी ठेवायची असेल, तर वाहनतळच घ्या. आठ-नऊ तास रस्त्यावरचा दर भरणं परवडायचं नाही. प्रश्न माझ्यासारख्यांचा आहे, ज्यांचं काम तास-दीड तासात आटोपतं.

वाहनतळाशी माझं बिनसलं ते बाहेर पडताना. संध्याकाळी सहाला सगळे एकदम निघतात. रॅम्प एक, गेटची दांडीही एकच. पैसे मोबाईलवरून भरायचे आणि दांडी तळघरात, जिथे रेंज नाही. पुढच्या गाडीतला माणूस उतरून, फोन उंच धरून रॅम्प चढत जातो. मागे आम्ही चढावर हँडब्रेक ओढून धूर खात बसलेलो. पहिल्या दिवशी त्याचा राग आला. आठवड्याभरात फोन उंच धरून चढणारा मीच होतो. वाचलेले पैसे या रांगेत फिटले, असं मला तरी वाटतं.

रस्त्याचं दुखणं वेगळं होतं. दरवाढीआधी जागेसाठी तीन-तीन फेऱ्या व्हायच्या. हातात किल्ली घेऊन चालणाऱ्या माणसामागे गोगलगायीसारखं जायचं, आणि तो डिकीतून पिशवी काढून परत बाजारात! आता बहुतेक वेळा पहिल्याच फेरीत जागा मिळते. सकाळी लावून रात्री काढायच्या गाड्या तिथून हलल्या, हे त्याचं कारण असावं. १९३५ मध्ये ओक्लाहोमा सिटीत पहिले पार्किंग मीटर बसले तेही याच तक्रारीवरून: कामावर येणाऱ्यांच्या गाड्या दिवसभर जागा अडवतात, गिऱ्हाईक लावणार कुठे? डोनाल्ड शूप हे अमेरिकी प्राध्यापक तर म्हणत, की दर असा ठेवा की साधारण ८५ टक्के जागा भरलेल्या राहतील; म्हणजे सहा-सात जागांमागे एखादी मोकळी. मी पैसे मोजतो ते त्या एका मोकळ्या जागेचे.

सरसकट दरवाढ मात्र मला पटत नाही. दुपारी अर्धा रस्ता ओस पडलेला असतानाही संध्याकाळचाच दर कशाला? सॅन फ्रान्सिस्कोत २०११ पासून गर्दी पाहून, रस्त्यागणिक आणि वेळेगणिक दर बदलून पाहिले. काही ठिकाणी ते उतरवलेही. तसं काही तुमच्याकडे असेल, तर रस्त्याचं पारडं आणखी जड होईल.

रस्त्यावर गाडी तापते, आरशाला एकदा धक्काही बसलाय, हे कबूल. तुम्हाला माझ्याइतकी घाई नसेल, तर रांगेचं एवढं काही वाटणारही नाही. आई सोबत असली की मीही वाहनतळातच जातो, तिथे लिफ्ट आहे. पैसे वरच भरून मग खाली उतरतो. रांग मात्र तीच.