१६३ आणि १७२ : डिझायर व अमेझ यांच्यासोबतचे आठ महिने

आमच्या सोसायटीच्या फाटकाशी जो गतिरोधक आहे, त्यावरून जाताना माझ्या मारुती सुझुकी डिझायर गाडीच्या पोटाखालून जूनपासून खर्रर्र असा आवाज येतो, आणि तोच आवाज मला हे लिहायला बसवतो आहे. डिझायर आणि तिची प्रतिस्पर्धी होंडा अमेझ या दोन्ही गाड्यांची वैशिष्ट्ये, रंग आणि पडद्यांचे आकार वाचकांना तोंडपाठ असतील, त्यामुळे त्यांत मी शिरत नाही. मी लिहिणार आहे ते मुख्यतः ९ मिलिमीटरविषयी. डिझायरचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटाची जमिनीपासूनची उंची, १६३ मिमी आहे आणि अमेझचा १७२ मिमी. गाडी घेताना हा फरक मी हसण्यावारी नेला होता.

२०२५ च्या गुढीपाडव्याला, म्हणजे मार्चमध्ये, मी नवी डिझायर झेडएक्सआय मॅन्युअल (हाताने गिअर बदलायची) घेतली आणि त्याच दिवशी साताऱ्याला माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी अमेझ व्हीएक्स सीव्हीटी (क्लच नसलेली, स्वयंचलित) आली. एकाच मुहूर्तावर दोन घरांत दोन प्रतिस्पर्धी गाड्या आल्याने तुलना टळणे शक्यच नव्हते. पण ती इतकी जवळून होईल असे वाटले नव्हते. जुलैत माझ्या डाव्या गुडघ्याने असहकार पुकारला, डॉक्टरांनी क्लच दाबण्याला बंदी केली, आणि मेहुण्यांनी मोठ्या मनाने आपली अमेझ दहा आठवड्यांसाठी पुण्याला आणून ठेवली व माझी डिझायर साताऱ्याला नेली. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते शोरूमभोवतीच्या एका फेरीवर आधारलेले नाही. डिझायर मी आजवर साधारण ५,५०० किमी चालवली आहे आणि अमेझ २,४०० किमी.

आधी पैशाचे बोलतो, कारण ती जखम ओली आहे. आम्ही गाड्या घेतल्या तेव्हा या वर्गावर २८ टक्के जीएसटी आणि १ टक्का उपकर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्क्यांवर आला. म्हणजे एक्स-शोरूम किमतीत साधारण साडेआठ टक्क्यांची घट, नऊ लाखांच्या गाडीवर पाऊण लाखाहून जास्त. साडेतीन मुहूर्तांपैकी पाडव्याऐवजी दसऱ्याचा मुहूर्त धरला असता, तर एवढ्या पैशांत दोन-तीन वर्षांचा विमा सहज निघाला असता. यात दोन्ही गाड्यांचा काही दोष नाही, तरीही डिझायरकडे पाहताना मला अधूनमधून ते पाऊण लाख दिसतात, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे.

या वर्गाची कुंडलीच मुळी मिलिमीटरवर मांडलेली आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात लहान गाड्यांवरचे उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणले गेले आणि लहान म्हणजे काय, तर लांबी ४,००० मिमीच्या आत व पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत, अशी व्याख्या झाली. २००८ ची पहिली डिझायर ४,१६० मिमी लांब असल्याने त्या सवलतीबाहेर राहिली होती, म्हणून २०१२ मध्ये तिची शेपटी कापून ती ३,९९५ मिमीची करण्यात आली. पुढच्या वर्षी अमेझ आली तीही मर्यादेच्या आतच. आजही दोन्ही गाड्या बरोबर ३,९९५ मिमीच्याच आहेत. पाच मिलिमीटर आत राहिल्याने जर करात एवढा फरक पडत असेल, तर पोटाखालच्या नऊ मिलिमीटरवर मी रात्रीची झोप घालवली यात वेडेपणा तो कसला?

आता त्या गतिरोधकाविषयी. मी तो टेपने मोजला आहे: रुंदी दोन फूट, उंची १४ सेंटिमीटर, आणि आकार पालथ्या घातलेल्या पन्हाळीसारखा. भारतीय रस्ते काँग्रेसचे जे मानक आहे त्यानुसार गोल माथ्याचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १७ मीटर त्रिज्येचा आणि १० सेंटिमीटर उंच असायला हवा. मी कागदावर हिशेब मांडून पाहिला. अशा गतिरोधकावर गाडीची चारही चाके एकदम मावतात, आणि डिझायरच्या २,४५० मिमी व्हीलबेसमध्ये (पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतरात) त्याचा फुगवटा जेमतेम ४४ मिमी वर येतो, म्हणजे पोटाला शिवण्याचा प्रश्नच नाही. अमेझचा व्हीलबेस २,४७० मिमी आहे. तिच्यासाठी हा आकडा ४५ मिमी भरतो. थोडक्यात, जास्तीच्या व्हीलबेसमुळे अमेझच्या नऊ मिलिमीटरच्या आघाडीतला एक मिलिमीटर खर्ची पडतो आणि आठ शिल्लक राहतात. आमच्या फाटकाशी मात्र पुढची चाके उतरल्यावर ती दोन फुटांची पन्हाळ अख्खीच्या अख्खी पोटाखाली येते आणि तेथे व्हीलबेसचा संबंध उरत नसल्याने पूर्ण नऊ मिलिमीटर कामाला येतात.

दहा आठवड्यांत अमेझ त्या गतिरोधकावर एकदाही घासली नाही. मी तिरकी घातली, सरळ घातली, मुद्दाम जरा वेगात घातली, आवाज नाही. तिकडे मेहुण्यांना फोन केला, तर गल्लीच्या तोंडाशी डिझायर त्यांच्याकडेही घासत होती. दोन शहरांतले दोन साक्षीदार मिळाल्यावर माझ्या दृष्टीने खटला निकाली निघाला.

गाडी चालवण्याच्या सुखाबाबत मात्र मला एवढे मोजमाप करावे लागले नाही. गुडघा दुखू लागण्याआधी एका संध्याकाळी मी धायरीहून स्वारगेटपर्यंत जाताना क्लच किती वेळा दाबतो ते मोजले होते, १७४ वेळा. अमेझमध्ये तो आकडा शून्य होता. सीव्हीटीमध्ये पट्टा आणि आकार बदलणाऱ्या पुली असल्याने गिअर बदलल्याचा धक्काच नसतो, आणि चार सिलिंडरचे १,१९९ सीसी इंजिन सिग्नलला उभे असताना इतके शांत राहते की गाडी बंद तर पडली नाही ना, अशी सुरुवातीला शंका येते. डिझायरचे नवे इंजिन तीन सिलिंडरचे आहे. उभ्या गाडीत स्टिअरिंगवर त्याची बारीक थरथर हाताला जाणवते, पण चालू लागल्यावर ती विसरायला होते. कागदावर अमेझची शक्ती ९० पीएस (अश्वशक्तीचे एकक) आणि डिझायरची ८२ पीएस आहे. खंबाटकी घाट चढताना मात्र डिझायर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये बिनतक्रार खेचते, तर अमेझमध्ये पाय जोरात दाबला की इंजिन आधी ओरडते आणि वेग मागाहून येतो. मॅन्युअल आणि स्वयंचलित गाडीची तुलना अन्यायाची आहे, हे मला कळते. डिझायरची एएमटी ही स्वयंचलित आवृत्तीही मी खरेदीपूर्वी चालवून पाहिली होती. त्यात नेहमीचाच गिअरबॉक्स असतो, फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम यंत्र करते, त्यामुळे गिअर बदलताना एक क्षणभराचा थांबा जाणवतो. मला तो खटकला. मायलेजवर जीव असणाऱ्यांना कदाचित खटकणार नाही.

मायलेजवर माझाही जीव आहे. टाकी काठोकाठ भरून, पुन्हा काठोकाठ भरेपर्यंतचे अंतर मोजण्याची माझी वहीतली पद्धत आहे. जाहीर आकडे डिझायर मॅन्युअलसाठी लिटरला २४.७९ किमी आणि अमेझ सीव्हीटीसाठी १९.४६ किमी आहेत. ते ठरावीक चाचणीतले असल्याने त्यांच्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. माझ्या वहीत पुणे-सातारा आणि शहर मिळून डिझायरची सरासरी १९.२ निघाली आणि अमेझची १४.६. वर्षाला १२,००० किमी धरले, तर अमेझला जवळपास २०० लिटर पेट्रोल जास्त लागते. पुण्यातल्या तेव्हाच्या १०४ रुपयांच्या भावाने ते वीस हजारांच्या घरात जाते. हा आकडा मेहुण्यांना सांगितला तेव्हा ते म्हणाले, "गुडघ्याचं ऑपरेशन किती पडतं, तेही वहीत लिहून ठेवा." यावर मला उत्तर सुचले नाही.

डिकी अमेझची मोठी आहे, ४१६ लिटर विरुद्ध ३८२. प्रत्यक्षात दोन मोठ्या बॅगा आणि ज्वारीचे पोते दोहोंतही मावते. सहा एअरबॅग दोन्हींत सरसकट आहेत. ग्लोबल एनकॅप या गाड्यांची अपघात-सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेच्या चाचणीत प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी डिझायरला पाच तारे मिळाले होते, आणि माझी निवड डिझायरकडे झुकण्याचे तेही एक कारण होते. एवढे सगळे असूनही माझे मत झाले होते की डिझायर विकावी, पेट्रोलचा भुर्दंड सोसावा आणि अमेझ घ्यावी. पोट घासणारी गाडी रोज दोनदा मनालाही घासते.

येथपर्यंतचा मजकूर कोजागिरीच्या आधी लिहून ठेवला होता. आता दिवाळी होऊन गेली आहे आणि त्यातला बराचसा भाग मला मागे घ्यावा लागणार आहे. पण लिहिलेले खोडत नाही, कारण माझी चूक कशी घडली हे त्यातच दिसते.

झाले असे की, एक्स्चेंजची किंमत विचारण्यासाठी गाडी नेण्याच्या आदल्या दिवशी मी मुलीला गतिरोधकाचा माझा हिशेब अभिमानाने दाखवत होतो. ती अकरावीत आहे. तिने ४४ आणि ४५ चे गणित तपासले, बरोबर आहे म्हणाली आणि मग विचारले, "बाबा, पण तू आपल्या गाडीखाली मोजलंस का?" मी गतिरोधक मोजला होता, सोसायटीच्या उताराचा कोन मोजला होता, क्लचचे दाब मोजले होते, गाडीचे १६३ मिमी मात्र मी माहितीपत्रकावरून घेतले होते. तिने तिथेच जमिनीवर पालथे पडून स्टीलची पट्टी पुढच्या बंपरमागे उभी धरली. आकडा आला १३८.

दुसऱ्या दिवशी गाडी विकायला न नेता कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे नेली. त्याने ती रॅम्पवर चढवली, खाली बॅटरी मारली आणि मला वाकायला सांगितले. इंजिनाखालचे प्लास्टिकचे काळे आच्छादन एका बाजूने ओठ लोंबावा तसे लोंबत होते. दोन क्लिपा जागेवर नव्हत्या, आणि लोंबत्या कडेवर चार महिन्यांच्या घासण्याने पांढरे ओरखडे पडले होते. "याच्याखाली कोणी काम केलं होतं का?" या त्याच्या प्रश्नावर मला मे महिना आठवला. पावसाळ्याआधी गंज लागू नये म्हणून अंडरबॉडी कोटिंग करून घ्यायचे होते आणि दीड हजार रुपये वाचतात म्हणून मी ते बाहेरच्या एका छोट्या दुकानातून करून घेतले होते. तेथे आच्छादन काढले गेले असणार आणि परत बसवताना दोन क्लिपा राहून गेल्या असणार. जूनपासूनच आवाज का येत होता, मेहुण्यांकडेही तो का आला, पाडव्यापासून मेपर्यंत तो का नव्हता, या सगळ्याचे उत्तर त्या दोन भोकांत होते. दोन क्लिपांचे चाळीस रुपये आणि मजुरीचे शंभर, असे मिळून एकशे चाळीस रुपये मी मोजले. घरी येऊन मुलीने पुन्हा पट्टी लावली: १६३ ला एखादा मिलिमीटर कमी, आणि तो आमच्या पार्किंगच्या फरशीचा असावा. फाटकाशी आवाज बंद.

मग भाऊबीजेला बहीण अमेझ घेऊन पुण्याला आली. गाडीत चौघे, डिकीत पन्नास किलोचे ज्वारीचे पोते, शिवाय कंदी पेढे आणि भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. मी फाटकाशीच उभा होतो. पुढची चाके गतिरोधक उतरली आणि अमेझच्या पोटाखालून तोच ओळखीचा खर्रर्र आवाज आला, थोडा हलका, पण तोच. मेहुण्यांचा चेहरा पडला आणि मला झालेला आनंद मला लपवता आला नाही, याबद्दल बहिणीने ओवाळताना मला चार शब्द सुनावलेही. संध्याकाळी आम्ही तीच माणसे आणि तेच पोते डिझायरमध्ये घालून प्रयोग केला. तीही घासली, किंचित जास्त. मी मोजले तेव्हा भरलेल्या गाडीचे पोट साधारण साडेतीन सेंटिमीटर खाली बसलेले होते. एवढ्या बैठकीपुढे नऊ मिलिमीटरची काय कथा!

त्यामुळे ज्या एका कारणासाठी मी गाडी बदलायला निघालो होतो ते कारण उरलेले नाही. गुडघा फिजिओथेरपीने पुष्कळ सुधारला आहे, तरी सिंहगड रस्त्यावर संध्याकाळी अडकलो की अमेझची आठवण येतेच, आणि माझ्या वयाच्या व रोज शहरात चालवणाऱ्या माणसाने मला विचारले तर मी त्याला सीव्हीटी चालवून पाहायला नक्की सांगेन. फक्त वीस हजारांचा तो आकडा आधी कानावर घालेन. मी स्वतः डिझायर ठेवतो आहे. सोसायटीच्या कार्यकारिणीला गतिरोधक मानकाप्रमाणे करून घेण्याविषयी अर्ज दिला असून सोबत ३.७ मीटर आणि १७ मीटर त्रिज्येची आकृती जोडली आहे. सचिवांनी ती उलटी धरून पाहिली आणि पुढच्या सर्वसाधारण सभेत विषय घेऊ म्हणाले. मेकॅनिककडून दोन क्लिपा जादा घेऊन ठेवल्या आहेत, त्या बिलासकट गाडीच्या कप्प्यात आहेत.