हार खोटा, तांदूळ खरा : ‘रिसो अमारो’

भंडारा-गोंदियाकडची रोवणी ज्यांनी जवळून पाहिली आहे, अशा नागपूरकर प्रेक्षकाला ‘रिसो अमारो’ हा १९४९ सालचा इटालियन चित्रपट परका वाटणार नाही. कथा मात्र गुन्हेगारी वळणाची आहे. चोरलेला हार घेऊन पळणारी फ्रांचेस्का (डोरिस डाउलिंग) पोलिसांना चुकवण्यासाठी तुरीनच्या स्थानकावर भातशेतीच्या हंगामी कामाला निघालेल्या बायांच्या गाडीत शिरते आणि तिथे तिची गाठ सिल्वानाशी (सिल्वाना मांगानो) पडते.

दिग्दर्शक जुझेप्पे दे सान्तिस यांची खरी पकड दिसते ती उत्तर इटलीतल्या व्हेर्चेल्लीच्या शिवारात. ४० दिवसांचे काम, पायांखाली सतत चिखलपाणी, आणि मजुरीचा काही भाग तांदळातच. कामाच्या वेळी बोलायला बंदी असल्यामुळे बाया एकमेकींना सांगायचे ते गाण्यातून सांगतात. कंत्राट असलेल्या आणि नसलेल्या बायांचे भांडणही या गाण्यांतूनच पेटते आणि अखेर बांधीत हातघाईवर येते. हा प्रसंग एवढा अस्सल आहे की हाराचे काय झाले, याचा काही काळ विसरच पडतो.

तो हार पुढे खोटा निघतो, हे आधी कळल्याने फारसे बिघडत नाही. कारण त्यानंतर फ्रांचेस्काचा साथीदार चोर वॉल्टर (व्हित्तोरिओ गासमान) याची नजर कोठारातल्या तांदळाकडे वळते आणि चित्रपटाला खरा पीळ बसतो. दागिन्याची चोरी पडद्यावर नेहमीचीच, पण मजुरांच्या घामाचे धान्य पळवण्यासाठी उभ्या पिकात पाणी सोडण्याचा डाव पाहताना, ज्याच्या घरी वर्षाचे धान मोजून येते, त्याला स्वस्थ बसवत नाही.

कथेला ऑस्करचे नामांकन मिळाले होते; मला मात्र तीच बाजू कच्ची वाटली. सचित्र प्रेमकथांची मासिके आणि अमेरिकी नाच यांच्या नादाने सिल्वाना बहकते, असे हा डाव्या विचारांचा दिग्दर्शक सुचवतो खरा, पण त्याचा कॅमेराच तिच्या रूपावर इतका भाळलेला आहे की तो उपदेश पटत नाही. राफ व्हालोने यांचा सैनिक सज्जनपणापलीकडे जात नाही. शेवटच्या भागात भडकपणा वाढतो, तरी मांगानो तो पेलून नेते.

उपशीर्षके नसलेली प्रत घेऊ नये; गाण्यांचे शब्द कळले नाहीत तर निम्मे भांडण हातून जाईल.