ऑफिसातली कमी निगेची झाडं: वर्षभर सांभाळल्यानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगते, मग कारणं. एसी ऑफिससाठी झाडं घ्यायची असतील तर झीझी, स्नेक प्लांट आणि मनी प्लांट डोळे मिटून घ्या. हिरवं ॲग्लोनिमा चांगलं, पण त्याला ऊन लागू देऊ नका. पीस लिली एखादीच घ्या. अरेका पाम कितीही देखणा दिसला तरी नको.

आमचं सीए ऑफिस पुण्यात, एरंडवण्यात, दुसऱ्या मजल्यावर. खिडक्या पश्चिमेला आणि उत्तरेला, फायलींची खोली मात्र बिनखिडकीची. जुलैत रिटर्न आणि सप्टेंबरात टॅक्स ऑडिट सुरू झालं की झाडांकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. त्या दिवसांत जे तगलं तेच खरं कमी निगेचं, अशी माझी कसोटी होती. गेल्या जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन पाहिलं, तिथे काय काय आवडतंय ते ठरवलं आणि रोपं सोलापूर रस्त्यावर सोरतापवाडीच्या नर्सऱ्यांमधून आणली. निवड तिथे खूप मोठी आहे आणि कुंडी उचलून, उलटून बघायला कुणी हरकत घेत नाही.

सगळ्यात जास्त समाधान दिलं ते झीझीने. हे मूळचं पूर्व आफ्रिकेतलं. मातीखाली बटाट्यासारखे कंद असतात, त्यात आणि जाड देठांत पाणी साठवून ठेवतं, म्हणून महिनाभर विसरलात तरी चालतं. पूर्ण ऑडिटच्या हंगामात त्याला जेमतेम एकदा पाणी मिळालं असेल, आणि दिवाळीच्या आत दोन नवे कोंब! कोवळी पानं पोपटी असतात, मग हळूहळू गडद होतात. फायलींच्या खोलीत नुसत्या ट्यूबलाइटवरही ते तग धरून आहे, मात्र वाढ थांबल्यासारखी वाटते. कमी उजेड सोसणं वेगळं, आवडणं वेगळं. म्हणून दर दोन-तीन आठवड्यांनी त्याला बाहेर उत्तरेच्या खिडकीशी आणते. किंमत इतरांपेक्षा जास्त असते, तरी घ्या.

स्नेक प्लांट पश्चिमेच्या खिडकीत आहे. एप्रिलमधलं दुपारचं ऊन त्याने बिनतक्रार घेतलं, तिथेच ठेवलेल्या ॲग्लोनिमाची पानं मात्र करपली होती. ॲग्लोनिमा आता आत, भिंतीकडे आहे आणि खुशीत आहे. त्यात लाल-गुलाबी पानांचे प्रकार मिळतात, पण उजेड कमी पडला की त्यांचा रंग उतरतो. ऑफिससाठी साधं हिरवंच बरं. मनी प्लांटच्या पांढऱ्या ठिपक्यांचंही तेच, अंधारात पानं हिरवीगार होत जातात.

आता मुद्द्याचं. ऑफिसात झाडं दुर्लक्षाने मरत नाहीत, मायेने मरतात. पाण्याची बाटली संपवायची तर उरलेलं कुंडीत, चहाचा कप विसळला तर तेही कुंडीत. प्रत्येकाला वाटतं की आपण झाडाचं भलं करतोय. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते, आणि सतत ओल्या मातीत ती मिळाली नाही की मुळं कुजतात. मग पानं पिवळी पडतात, ती बघून कुणीतरी आणखी पाणी घालतं. आमच्याकडे हे थांबलं ते एका नियमाने: पाणी फक्त मावशी घालणार. मी त्यांना एवढंच म्हटलं, "मावशी, वरची माती बघू नका, बोट दोन पेरं आत घाला. ओलं लागलं तर आज नाही." त्यांनीच पुढे युक्ती काढली. प्रत्येक कुंडीवर कागदी पट्टी चिकटवली आणि पाणी घातल्याची तारीख लिहायला लागल्या. त्यानंतर एकही झाड गेलं नाही. झाड कोणतं निवडता याइतकंच ते कुणाच्या हातात देता हे महत्त्वाचं, आणि मावशींच्या हाताला त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

पीस लिली तहान लागली की मान टाकते आणि पाणी मिळालं की काही तासांत उभी राहते. सगळ्या ऑफिसला तिची ही भाषा समजते, म्हणून एक ठेवावी. फक्त एसीच्या झोताखाली नको.

अरेका पामबद्दल नर्सरीत फार कौतुक ऐकलं. पण पुण्याच्या मार्च-एप्रिलची कोरडी हवा, त्यात एसी. पानांची टोकं तपकिरी झाली आणि पाठोपाठ लाल कोळी ही बारीक कीड आली. रोज पानं पुसत बसायला वेळ असेल तरच त्याच्या वाटेला जा.

पावसाळ्यात एक गोष्ट अजिबात सोडू नका. कुंडीखालची ताटली आणि बाटलीतला मनी प्लांट, दोन्हींत स्वच्छ पाणी साठतं आणि डेंगीच्या डासाला तेच हवं असतं. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस पुरतात आणि अंडी भांड्याच्या कडेला चिकटून बसतात. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, कडा घासायला लागतात. आमच्याकडे शुक्रवारी संध्याकाळी ताटल्या रिकाम्या होतात आणि बाटल्या घासल्या जातात.

हवा शुद्ध होते का, हे सगळेच विचारतात. ज्याच्या आधारे हा दावा केला जातो तो नासाचा १९८९ चा अभ्यास बंद पेट्यांमधला होता. २०१९ मध्ये अशा प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा निष्कर्ष निघाला की इमारतीत नेहमी जी हवा खेळते तिची बरोबरी करायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील. तेवढी ठेवली तर आम्हाला बसायला जागा उरणार नाही. हवेसाठी सकाळी आल्या आल्या खिडक्या उघडा. झाडांनी मिळतं ते वेगळं आहे आणि मला ते पुरेसं मोलाचं वाटतं. आकड्यांच्या रकान्यांतून मान वर केली की समोर काहीतरी जिवंत, वाढणारं दिसतं. पक्षकारही आता बाहेर ताटकळताना फोन सोडून पानं न्याहाळतात.

घेताना दोन गोष्टी बघा. नर्सरीच्या पिशवीतली लाल माती वाळली की विटेसारखी घट्ट होते, तिच्यात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), जाड वाळू आणि थोडं गांडूळ खत मिसळून मगच कुंडीत लावा. शेणखत ऑफिसात नको, चिलटं होतात. दुसरं, झीझी, मनी प्लांट, ॲग्लोनिमा, पीस लिली या सगळ्यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे बारीक स्फटिक असतात, चावलं तर तोंडाची आग होते. मावशींची नात सुट्टीत येते, म्हणून या कुंड्या आम्ही कपाटांवर ठेवल्या आहेत. छाटणी केली की हात धुवायचे.

सध्या फायलींच्या खोलीसाठी आणखी एक झीझी शोधते आहे. जोडी झाली की एक आत आणि एक खिडकीत असं आलटून पालटून ठेवता येईल.